अक्षता पडतात तेव्हाच व्हिडिओ का ‘फुटतो’?

मंगलाष्टके संपतात, अक्षतांचा वर्षाव होतो आणि नेमके त्याच क्षणी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हिडिओत वधू-वरांचे चेहरे चौकोनी ठिपक्यांत विरघळतात. पंगत बसली की चित्र पुन्हा स्वच्छ! दोष कॅमेऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात हा बहुतेक वेळा कॉम्प्रेशनचा परिणाम असतो.

फुल एचडी चित्रात १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाखांहून अधिक बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला तीन बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर एका मिनिटाची फाइल सुमारे ११ जीबीची होईल. मोबाइल तेच मिनिट साधारण शंभर-दीडशे एमबीत बसवतो. कसे? पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवले जाते. मधल्या चित्रांसाठी काय बदलले, काय कुठे सरकले, एवढीच नोंद होते. मांडवाचा पडदा हलला नाही, तर तो पुन्हा लिहायची गरज नाही. अक्षता मात्र शेकडो, प्रत्येक दाण्याची दिशा निराळी. नोंदी एकदम वाढतात, पण जागा ठरलेलीच. मग बारकावे पुसून मोठे चौकोन उरतात. विसर्जन मिरवणुकीतल्या गुलालाचेही तेच होते.

या ठरलेल्या जागेचे नाव बिटरेट. सेकंदाला ८ मेगाबिट असतील तर मिनिटाला ६० एमबी लागतात, २ मेगाबिट असतील तर १५ एमबी. दोन्ही फायली ‘१०८०पी’च म्हणवतात! ग्राहकाला आकडा दाखवायचा तर बिटरेटचा दाखवायला हवा, पण जाहिरातीत मिरवतात ते पिक्सेल. २०१३ मध्ये आलेला एच.२६५ हा कोडेक जुन्या एच.२६४ इतकाच दर्जा सुमारे निम्म्या जागेत देतो, हेही ‘१०८०पी’ या शिक्क्यावरून कळत नाही.

कॉम्प्रेशनला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. ते नसते तर रोजच्या डेटा पॅकमध्ये क्रिकेटचे एक षटकही पाहता आले नसते. चूक होते ती पुढे. ‘स्टोरेज फुल’ची सूचना येते, ‘ग्रुपवर आहेच की’ म्हणत मूळ व्हिडिओ डिलीट होतो आणि घरात उरते ती फक्त आकसलेली प्रत. तीच पुन्हा कापून स्टेटसला टाकली की आणखी एकदा आकसते. गेलेले बारकावे परत येत नाहीत. एआयवर चालणारी अ‍ॅप चेहरा ‘स्वच्छ’ करून देतात, पण तो अंदाज असतो. आता हयात नसलेल्या आजोबांच्या चेहऱ्यावर कुणाचा अंदाज कशाला हवा?

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एचडी’ निवडले तरी व्हिडिओ थोडाफार दाबला जातोच. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली फाइल मात्र, २ जीबीपर्यंत, जशीच्या तशी पोहोचते. लग्नाच्या व्हिडिओग्राफरकडून लिंक घेऊन समाधान मानण्यापेक्षा पूर्ण दर्जाची फाइल पेन ड्राइव्हमध्ये मागून घ्यावी, तीही त्याने त्याची हार्ड डिस्क रिकामी करण्याआधी.