अनोळखी भाषेचे चार तास

गेल्या महिन्यात पालीचा एक माजी विद्यार्थी घरी आला होता. पाली म्हणजे बीडहून सोलापूरकडे जाताना लागणारे, बिंदुसरा धरणाजवळचे गाव. इंग्रजी घेऊन एम.ए., मग बी.एड. आणि त्यानंतर तीन वर्षे एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर नोकरी, असा त्याचा आजवरचा प्रवास. कायम पदासाठी संस्थेत जी रक्कम मोजावी लागते ती त्याच्याजवळ नाही, पुढेही असणार नाही, हे त्याने स्वीकारले आहे. आता त्याला व्हिएतनामला जाऊन इंग्रजी शिकवायचे आहे. त्याने मोबाइल पुढे केला आणि विचारले, "सर, यातला कोणता कोर्स घेऊ?"

पडद्यावर तीन अभ्यासक्रम होते. पहिला 120 तासांचा, संपूर्ण ऑनलाइन, काही हजारांत होणारा; सवलत त्याच रात्री बारा वाजता संपणार होती. दुसरा केंब्रिजचा सेल्टा. तिसरा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सर्ट टेसॉल. शेवटच्या दोघांची फी, प्रवास आणि राहण्याचा खर्च धरला तर, त्याच्या आईवडिलांनी गेल्या हंगामाला मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपेक्षा थोडी जास्तच भरत होती. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मोठ्या रकमा मोजण्याचे त्याच्या घरातले माप उचल हेच आहे, म्हणून त्याने ते वापरले. यंदा दोघे मिळून थोडी जास्त उचल घेतील, असे वडील म्हणाले होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना परदेशी नोकरीचा प्रश्न करिअर मार्गदर्शनाच्या सदरातला वाटेल. मला तो त्या दिवसापासून तसा वाटत नाही.

प्रथम त्या 120 या आकड्याविषयी. सेल्टाचा अभ्यासक्रमही किमान 120 तासांचाच आहे, त्यामुळे नवख्याला दोन्ही एकाच तराजूतले वाटतात. पण सेल्टात उमेदवाराला खऱ्या विद्यार्थ्यांपुढे 6 तास शिकवावे लागते, मागे बसलेला प्रशिक्षक प्रत्येक पाठाची चिरफाड करतो, शिवाय अनुभवी शिक्षकांचे आणखी 6 तास पाहावे लागतात आणि चार लेखी कामे सादर करावी लागतात. ट्रिनिटीच्या 130 तासांतही 6 तासांचे अध्यापन आहेच. 2020 नंतर सेल्टाचे वर्ग पडद्यावरही भरू लागले, पण शिकवणाऱ्याकडे पाहणारी नजर तेथेही असते. स्वस्तातल्या बहुतेक अभ्यासक्रमांत हीच नजर नसते. चित्रफिती पाहायच्या, प्रश्नमंजूषा सोडवायची, प्रमाणपत्र छापून घ्यायचे. 'टेफल' या नावावर कुणाचीच मालकी नाही. ते कुणीही लावावे आणि मान्यता देणारी संस्थाही कुणीही काढावी.

येथे आपल्या बी.एड.ची आठवण होणे अपरिहार्य आहे. सूक्ष्म अध्यापन, सेतुपाठ, सराव पाठ, त्यांची टाचणे, निरीक्षकाची सही हे सगळे आपल्याकडे आहे आणि 2015 पासून त्यासाठी दोन वर्षेही आहेत. कागदावर पाहिले तर चार आठवड्यांच्या सेल्टाने आपल्यापुढे मान खाली घालावी. प्रत्यक्षात किती निरीक्षक पाठ संपेपर्यंत वर्गात बसतात, हे शिक्षकी पेशातल्या वाचकांना मी काय सांगावे? माझ्या या विद्यार्थ्याच्या शिकवण्यावर एका माणसाने अर्धा तास सलग बोलावे, असे आजवर एकदाही घडलेले नाही. असे बोलणे हे त्या महागड्या फीचे खरे मोल आहे, आणि ते मोल खोटे नाही.

तरीही हे अभ्यासक्रम मुळात कुणासाठी निघाले हे ध्यानात घ्यायला हवे. 1953 मध्ये स्पेनमधील कोर्दोबा येथे शाळा काढलेल्या जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने 1962 मध्ये लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये शिक्षकांसाठी पहिला छोटेखानी प्रशिक्षणवर्ग घेतला. आजच्या चार आठवड्यांच्या प्रमाणपत्रांचे मूळ तेथे आहे. इंग्रजी जन्मतः येते, पण आपल्याला काय येते हे माहीत नाही, अशा तरुणांची पंचाईत त्या वर्गाला सोडवायची होती. स्वतःची भाषा बाहेरून पाहायला त्यांना शिकवायचे होते. आमच्या पालीच्या मुलाची पंचाईत बरोबर उलटी आहे. त्याने इंग्रजी आयुष्यभर बाहेरूनच पाहिली आहे. कर्मणी प्रयोग, उपपदे, शब्दयोगी अव्यये यांची व्यवस्था तो झोपेतही सांगेल. चाळीस मुलांना एकमेकांशी इंग्रजीत बोलते कसे करायचे, हे मात्र त्याने कधी अनुभवलेले नाही, कारण तो स्वतः ज्या वर्गांत शिकला तेथे बोलत होते ते फक्त गुरुजी, आणि तेही मराठीतून. हनोईच्या वर्गात हा मराठीचा आधार एका क्षणात नाहीसा होणार. म्हणून त्याला त्या सहा तासांची गरज आहे; फक्त ती वेगळ्या कारणासाठी आहे.

ट्रिनिटीच्या अभ्यासक्रमात एक भाग आहे, तो वाचून मी थबकलो. त्याचे नाव 'अनोळखी भाषा'. उमेदवारांना एक पूर्ण अपरिचित भाषा चार तास शिकवली जाते आणि आपल्याला काय वाटले, कुठे गोंधळ उडाला, कशाची लाज वाटली याची दैनंदिनी लिहून द्यावी लागते. कल्पना उत्तमच आहे. पण पालीच्या मुलाने या दैनंदिनीत काय लिहावे? जून 2000 मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली आणि त्यानंतरच्या पहिल्या काही तुकड्यांत तो होता. घरात, गल्लीत, एस.टी.त, उसाच्या फडात कुठेही न ऐकू येणारी भाषा तो वीस वर्षे शिकत आला. इतरांना चार तासांत कृत्रिमपणे घडवायचा अनुभव त्याच्याकडे आयुष्यभराचा आहे, आणि बाजारात त्याच अनुभवाची किंमत उणे धरली जाते.

ही किंमत कशी ठरली याचा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांनी वाचलाच पाहिजे. कंपालाच्या मकेरेरे येथे 1961 मध्ये राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, जितकी लवकर आणि जितकी जास्त तितकी चांगली, आणि आदर्श शिक्षक म्हणजे नेटिव्ह स्पीकर, या समजुतींना तेथे बळ मिळाले. रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 च्या आपल्या भाषिक साम्राज्यवादावरील ग्रंथात यांतली प्रत्येक समजूत भ्रम ठरवून खोडून काढली. (आपला 2000 चा निर्णय त्यांपैकी 'जितकी लवकर तितकी चांगली' या समजुतीचाच नातलग आहे, पण तो वेगळा विषय.) ग्रंथ गाजला, व्हिसाचे नियम मात्र ग्रंथ वाचून बदलत नसतात. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्या सातांत भारत नाही. 2010 मध्ये अमलात आलेल्या करारानंतर भारतीयांसाठी शाळेतील सहायक शिक्षकपदाचे एक अरुंद दार उघडले, पण तेथे विचारतात ती शिक्षकाची पात्रता. चार आठवड्यांचे प्रमाणपत्र त्यासाठी पुरत नाही. आखातातल्या भारतीय शाळाही आधी बी.एड. पाहतात. व्हिएतनाममध्ये पदवी आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र दोन्ही लागतात, आणि जन्मतः इंग्रजी नसलेल्याला भाषेच्या परीक्षेचा दाखलाही द्यावा लागतो. म्हणजे कोर्स निवडण्याआधी देश निवडायचा, आणि देश निवडताना आपल्या पासपोर्टच्या मुखपृष्ठाचा रंग विसरायचा नाही. जाहिरातींत हे लिहिलेले नसते.

एन. एस. प्रभू यांचे नाव मी त्याला मुद्दाम सांगितले. 1979 ते 1984 या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये, व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून, मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे यांसारखी कोडी सोडवायला देऊन इंग्रजी शिकवून पाहिली. तो बंगलोर प्रकल्प आज जगभरच्या प्रशिक्षणवर्गांत अभ्यासला जातो, आणि प्रभू स्वतः पुढे सिंगापूरच्या विद्यापीठात शिकवत होते. सर्वोत्तम पद्धत अशी काही नसतेच, हे त्यांचे 1990 चे प्रतिपादन. एम.ए.च्या दोन वर्षांत माझ्या विद्यार्थ्याने मिल्टन वाचला होता, एलियट वाचला होता. प्रभूंचे नाव ऐकले नव्हते. याला मीही जबाबदार आहे. त्याच्या एका वर्षाचा भाषाअध्यापनाचा पेपर माझ्याकडेच होता, आणि मी तो नोट्स सांगून संपवला.

मग सल्ला काय दिला? ऑनलाइन स्वस्त कोर्स घेऊ नकोस. सेल्टा प्रौढांना शिकवण्यासाठी आहे. तुला शाळेत शिकवायचे असेल तर बी.एड. आहेच, त्यावर एवढा पैसा ओतू नकोस. भाषाकेंद्रांत शिकवायचे असेल तर दोन्ही महागडे अभ्यासक्रम सारख्याच तोलाचे आहेत, त्यातले जवळचे केंद्र पाहा. केंद्राला तीन प्रश्न लिहून पाठव: वर्गात खरे विद्यार्थी किती असतात, माझा पाठ कोण पाहतो, आणि भारतीय पासपोर्टच्या तुमच्या माजी उमेदवारांना कोठे नोकऱ्या मिळाल्या. आणि उचल घेऊन फी भरायची नाही. ती उचल दोन माणसांच्या सहा महिन्यांच्या अंगमेहनतीने फिटते. ज्या बाजारात तुझ्या अर्जाआधी तुझा पासपोर्ट पाहिला जातो, तेथे ती लावू नये. वर्षभर थांब, भाषेची परीक्षा दे, खासगी शिकवण्या घेऊन पैसे जमव. तोवर आठवड्यातून एकदा तुझ्या वर्गात मागच्या बाकावर मी येऊन बसतो.

तो ऐकून घेत होता, पण वर्षभर थांब म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. तीस वर्षांच्या मुलाला थांब म्हणणे पगारदार माणसाला सोपे असते, हे मला तेव्हाच कळले. पहिल्या पाठाला मी गेलो तेव्हा त्याने रेल्वेऐवजी बीड आगाराचे एस.टी.चे वेळापत्रक फळ्यावर लिहिले होते. मुले भांडत होती, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. टाचणात मी दीड पान लिहून दिले.

तीन प्रश्नांची पत्रे त्याने तिन्ही ठिकाणी पाठवली. दोघांची उत्तरे आली. तिसऱ्याचे आले नाही. त्यांची सवलत मात्र पुन्हा आज रात्री बारापर्यंत वाढली आहे.