वाद्यवृंद विकत मिळत नाही

हल्ली संगीतकार व्हायचं ठरवलेल्या पोराचा पहिला प्रश्न 'काय रचू?' हा नसतो. तो विचारतो, 'लायब्ररी कुठली घेऊ?' ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे बरं का! व्हायोलिन, चेलो, बासरी, फ्रेंच हॉर्न ही वाद्यं खऱ्या वादकांकडून एकेक सूर करून वाजवून घेतात. तोच सूर हळू, जोरात, लांबवून, तोडून, तार बोटानं छेडून. असे हजारो तुकडे ध्वनिमुद्रित करून संगणकासाठी विकतात. कीबोर्डची पट्टी दाबली की सूर वाजतो. सत्तर-ऐंशी माणसांचा ऑर्केस्ट्रा घरच्या टेबलावर! सोय मोठीच आहे, ती मी नाकारत नाही. माझं भांडण आहे ते 'आधी महागडी लायब्ररी, मग संगीत' या शिकवणीशी.

आमच्या केरीतलाच एक मुलगा घ्या. भजनात पेटी वाजवतो, दशावतारातल्या चाली एकदा ऐकून बोटात उतरवतो. त्याला कुणी एका क्लासवाल्यानं सांगितलं, "स्वस्तातले आवाज घेतलेस तर तुझं संगीतही स्वस्तच वाटणार." झालं! त्याची आई बचत गटातून कर्ज काढायला निघाली आहे. ती माउली मला विचारते, "वहिनी, इतकं लागतंच का हो?" तिला दिलेलं उत्तर इथं सविस्तर लिहिते, कारण अशा आया घरोघर आहेत.

नाही, लागत नाही.

हिशेबच करू. लंडनच्या 'स्पिटफायर ऑडिओ' या कंपनीनं २०१९ साली बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राची लायब्ररी काढली. तिची सगळ्यात मोठी आवृत्ती सुमारे ६०० जीबींची. वीस एमबीपीएसच्या जोडणीवर ती उतरवायला पावणेतीन दिवस लागतील, तेही मध्ये एकदाही वीज न जाता. पेडणे तालुक्यातला पावसाळा पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. शिवाय तिला पेलणारा संगणक हवा, वेगवान डिस्क हवी. म्हणजे कर्जावर कर्ज. आणि त्याच ऑर्केस्ट्राची, त्याच मैदा वेल स्टुडिओत मुद्रित केलेली 'डिस्कव्हर' नावाची लहान आवृत्ती सुमारे २०० एमबींची आहे, ती फुकट मिळते. वाजवायच्या तऱ्हा तिच्यात कमी, माइकच्या जागाही निवडता येत नाहीत. पण कुठलं वाद्य कुठल्या पट्टीत खुलतं, हे शिकायला ती पुरे आहे.

स्वयंपाक शिकणाऱ्या पोरीला आपण पहिल्याच दिवशी चाळीस मसाल्यांचा डबा देतो का? मीठ, मोहरी, हळद, तिखट देतो. त्यातून तिची आमटी जमली की मग पुढचं.

मोठ्या लायब्ररीचं खरं नुकसान पैशापुरतं नाही. ती शिकणाऱ्याचे लाड करते. संगणकातल्या बासरीला धाप लागत नाही, म्हणून पोरगा पाऊण मिनिटाचा अखंड आलाप लिहून मोकळा होतो. खरा वादक श्वास कुठं घेणार, हा प्रश्नच त्याला पडत नाही. आवाजाचं बटण सरकवलं की एकटी बासरी तीन ट्रम्पेटांना झाकून टाकते. सभागृहात असं घडत नाही. अशा रचनेचा कागद उद्या जिवंत वादकांपुढे ठेवला तर ते हसतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

हे शिक्षण लायब्ररीशिवाय कसं झालं, ते गोव्याला तरी विचारावं लागू नये. सासष्टीतल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चर्चच्या कॉयरमध्ये, वडिलांच्या हाताखाली शिकले. मुंबईत जाऊन व्हायोलिनवादक आणि अरेंजर झाले, प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. १९५८ मध्ये त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि आपले राग त्या वाद्यमेळासाठी लिहिले. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यमेळ कागदावर लिहीत. कागद, पेन्सिल, आणि चाळीस वाद्यं एकदम ऐकू येणारा कान. पुढे सिंथेसायझर आले आणि स्टुडिओतल्या व्हायोलिनच्या रांगा विरळ झाल्या. गोव्याच्या कितीतरी घरांतली चूल त्या रांगांवर पेटत होती. त्यांच्याच मुलुखातल्या पोरानं आता वाद्यवृंद म्हणजे विकत घ्यायची वस्तू समजावी, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक. लंडन-व्हिएन्नाचे हे सूर त्यांच्या संगीतासाठी मुद्रित झालेत. आपली मींड, आपला आंदोलित गंधार त्यांत शोधू नका. आपलं घुमट तर त्यांत नाहीच. पोराची चाल भजनातून येते, तर तिचं वळण त्याला पेटीवाल्या-सारंगीवाल्याकडूनच घ्यावं लागेल.

कुणी म्हणेल, व्यावसायिक लोक मोठ्याच लायब्ऱ्या वापरतात ना! वापरतात. निर्मात्याला उद्या सकाळी नमुना ऐकवायचा असतो आणि त्याचा मोबदला ठरलेला असतो. ज्याच्या हातात असं काम आहे त्यानं खुशाल घ्यावी. घेतानाही जीबी मोजू नयेत, कान लावावा. काही लायब्ऱ्या, उदाहरणार्थ व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीचे जुने संच, कोरड्या खोलीत मुद्रित केलेले असतात, घुमारा आपण घालायचा. काहींत सभागृहाचा घुमारा मुरलेलाच असतो, तो काढता येत नाही. दोन्ही मिसळले तर निम्मे वादक देवळात आणि निम्मे अंगणात बसल्यासारखे वाटतात. शिवाय बहुतेक परवाने दुसऱ्याला विकता येत नाहीत. सोनं निदान मोडता तरी येतं!

म्हणून त्या आईला मी सांगितलं: कर्ज काढू नकोस. फुकटची लहान लायब्ररी त्याला घेऊ दे. त्यात चारच वाद्यांसाठी, दोन-दोन मिनिटांच्या दहा रचना पुऱ्या करू दे. पाश्चात्त्य स्वरलिपी शिकू दे. मग पेडणे-म्हापशाकडचा एखादा व्हायोलिन वाजवणारा गाठून, त्याला एका दुपारचं मानधन देऊन, लिहिलेलं त्याच्याकडून वाजवून घेऊ दे. वादक जिथं थांबेल, कपाळाला आठ्या घालेल, तिथं पोरानं पेन्सिलीनं खूण करावी. घरी येऊन तेवढंच पुन्हा लिहावं.