बुडबुड्यांचा हिशेब

विष्णुपुरीला १९८१ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आणि १९९४ पासून विद्यापीठ आहे. तरीही दहावीतल्या आमच्या भाचीच्या प्रयोगवहीत गाईडातले आकडे उतरवलेले. "सगळ्यांचे सारखेच आहेत, मामा. प्रयोग कोणी केलाच नाही," असे ती सहज बोलून गेली. आम्हाला ते बोचले.

रविवारी ओट्याशी बसलो. अंड्याचे टरफल धुऊन वाळवले, कुटले, सोनाराकडून एक ग्रॅम तोलून आणले. टरफल म्हणजे बहुतेक चुनखडीच. ते व्हिनेगरमध्ये पडले की कार्बन डायऑक्साइड निघतो. धाकट्याची दुधाची बाटली काठोकाठ भरून बादलीतल्या पाण्यात उपडी धरली. तिच्यावर मि.ली.च्या खुणा असतात, नवे मोजपात्र कशाला? मेडिकलमधून नवी सलाईनची नळी आणली. एक टोक व्हिनेगरच्या बाटलीच्या झाकणातून, फट कणकेने बुजवलेली; दुसरे उपड्या बाटलीखाली. वायू वर चढतो, पाणी खाली सरते. पाण्यावर वायू गोळा करण्याची ही रीत स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने १७२७ साली पुस्तकात छापली. (संडासाचे ॲसिड मात्र पोरांच्या हाती देऊ नका, आणि नळीचे तोंड कधी बंद करू नका.)

घड्याळ आमच्या हाती. पहिल्या मिनिटाला ४० मि.ली., दुसऱ्याला २५, तिसऱ्याला १५, मग बुडबुडे रेंगाळले. आम्ल खर्ची पडते, टरफल झिजते, म्हणून वेग उतरतो. न कुटलेले तुकडे टाकले तेव्हा पहिल्या मिनिटाला दहासुद्धा भरले नाहीत. आम्लाला भिडायला पृष्ठभागच कमी.

एवढ्यात पोरीने खोडरबर काढले. गणिताने एका ग्रॅमला सुमारे २४० मि.ली. यायला हवे, आपले तर निम्मेच! मार्क जातील या भीतीने तिचा चेहरा उतरला. आम्हीही क्षणभर गडबडलो. मग ध्यानात आले की हा वायू पाण्यात विरघळतो, म्हणजे बादलीनेच आपला वाटा खाल्ला. खारट पाण्यात तो कमी विरघळतो. बादलीत मूठ-मूठ मीठ घालून पुन्हा मोजले, आकडा वर सरकला. पूर्ण २४० नाही झाले. टरफलात थोडे दुसरेही असते आणि आमची कणीकही गळत असावी.

तिने दोन्ही तक्ते शाईने लिहिले. सोमवारी सरांनी विचारले, "हे आकडे कुठून आणलेस?"

"बादलीतून, सर."