हातांनी शिकावयाचा इतिहास

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापूर जिल्ह्यातील शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो. अंबाबाईचे मंदिर, नवा राजवाडा, पन्हाळा, ज्योतिबाचा डोंगर आणि अलीकडच्या काळात कणेरीचा सिद्धगिरी मठ, असा या सहलींचा ठरलेला मार्ग असतो. कणेरीच्या ग्रामजीवन संग्रहालयात जुने स्वयंपूर्ण खेडे पुतळ्यांच्या रूपाने उभे केले आहे. तेथे कुंभार चाकावर बसला आहे, लोहाराचा भाता चालला आहे, बैल शेतात राबत आहेत, बाया दळणकांडण करीत आहेत. मुले दोघादोघांच्या रांगेने या गावातून जातात, शिक्षक मागून डोकी मोजतात आणि तासा-दीड तासात रांग दुसऱ्या दाराने बाहेर पडते. पुढच्या आठवड्यात ‘आमची सहल’ या विषयावर निबंध होतो. त्यात पुतळे किती हुबेहूब होते याचे वर्णन असते आणि पूर्वीचे लोक किती सुखी होते, या वाक्याने निबंध संपतो.

या संग्रहालयाने मोठे काम केले आहे, यात शंका नाही. मोट, नाडा, धाव, थारोळे हे शब्द ज्यांनी केवळ पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत वाचले, त्या मुलांच्या डोळ्यांसमोर ती वस्तू उभी राहणे हीच मोठी गोष्ट आहे. परंतु पुतळ्याला घाम येत नाही. त्याची पाठ दुखत नाही, त्याला भूक लागत नाही आणि कोणी विचारले तरी तो उत्तर देत नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या इतिहासाची मर्यादा येथेच लक्षात येते. जात्यावर दळणारी बाई पाहून दळणे म्हणजे काय हे समजत नाही. सातवीतल्या मुलाला अर्धा किलो ज्वारी देऊन खुंट्याशी बसवले, तर थोड्याच वेळात त्याचा खांदा भरून येईल. घरातल्या माणसांच्या भाकरीसाठी आपली पणजी रोज किती आधी उठत असेल, हा हिशेब त्याला कोणी न सांगता मांडता येईल. विजेवरची पिठाची गिरणी गावात आल्याने बायकांच्या आयुष्यात काय बदल झाला, यावर मग वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरणार नाही.

पाश्चात्त्य देशांत या जाणिवेतून एक स्वतंत्र शिक्षणपद्धती उभी राहिली आहे. स्टॉकहोम येथे १८९१ मध्ये आर्थर हॅझेलियस यांनी स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू केले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील जुनी घरे तेथे आणून उभी केली आणि त्यांत जुन्या रीतीने काम करणारी माणसेही ठेवली. पुढे अमेरिकेत व कॅनडात पहिल्या वसाहतकारांच्या जीवनाची अशी अनेक गावे निर्माण झाली. शाळकरी मुले तेथे एक दिवस जुन्या काळात घालवितात. ती लोणी घुसळतात, मेणबत्त्या ओततात, लोकर पिंजतात, पाटीवर धडा गिरवितात. इतिहास हा सनावळीचा विषय नसून माणसांच्या जगण्याचा विषय आहे, हे त्यांना या कामांतून उमगते.

तथापि या पद्धतीत एक धोका आहे आणि तो त्या देशांनीच अनुभवला आहे. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग हे वसाहतकालीन शहर मोठ्या खर्चाने पुन्हा उभारण्यात आले. त्या शहरात अठराव्या शतकात सुमारे निम्मे लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांतील बहुतेक गुलाम होते. पण अनेक वर्षे तेथे येणाऱ्या प्रेक्षकाला दिसत होते ते सुबक वाडे, नक्षीदार भांडी आणि टापटिपीचे कारागीर. गुलामांचे जीवन प्रयोगरूपाने दाखविण्यास खरी सुरुवात झाली ती १९७९ च्या सुमारास. १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग तेथे करून दाखविला गेला, तेव्हा मोठा वाद माजला. काहींना ती विटंबना वाटली, तर काहींना तेच सत्य वाटले. वाद कोणत्याही बाजूने सुटो, एक गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. जुने जीवन जिवंत करून दाखवायचे, तर त्यातील कोणते जीवन वगळले, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. येथील जुने खेडे बलुत्यावर चालत होते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग अशा सर्वांनी वर्षभर गावाची कामे करावयाची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यावयाचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गांवगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. पैशावाचून चालणारी ही देवघेव पाहून आजच्या माणसाला तिचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. पण या व्यवस्थेत काम निवडण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. ज्याच्या वाट्याला मेलेली जनावरे ओढण्याचे काम आले, त्याच्या मुलाच्या आणि नातवाच्याही वाट्याला तेच आले. शिवाय पाणवठा त्याला बंद होता तो वेगळाच. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील कुलकर्णी वतने आणि महार वतने रद्द केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने मुंबई राज्यात कायद्याने संपुष्टात आली ती १९५८ च्या अधिनियमाने. ज्या व्यवस्थेतून सुटण्यासाठी एवढा झगडा करावा लागला, तिचे चित्र केवळ सुखासमाधानाचे रंगवून मुलांपुढे ठेवणे, हा त्या झगड्यावर अन्याय होय.

म्हणूनच हातांनी इतिहास शिकविण्याचा प्रयोग करू पाहणाऱ्या शिक्षकाने पहिली काळजी घ्यावयाची ती कामांच्या वाटणीची. वर्गात चाळीस मुले असतात. त्यांत ज्यांचे आजोबा बलुते मागण्यासाठी खळ्याच्या कडेला उभे राहिले अशी मुले असतात आणि ज्यांच्या आजोबांनी ते मोजून दिले अशीही असतात. स्नेहसंमेलनातल्या ‘आमचे गाव’ या देखाव्यात पाटलाचा फेटा कोणाच्या डोक्यावर बसतो आणि झाडू कोणाच्या हाती येतो, हे मुले बारकाईने पाहतात आणि विसरत नाहीत. प्रत्येक काम चिठ्ठ्या टाकून वाटावे आणि प्रत्येक मुलाने प्रत्येक काम करावे, एवढा एक नियम पाळला तरी जुन्या गावाने जे कधी होऊ दिले नाही, ते वर्गात घडेल. चामड्याची वादी कापताना, केर काढताना, तराजू धरताना सगळे हात सारखेच आहेत, हा धडा मग फळ्यावर लिहावा लागणार नाही. काम संपल्यावर मुलांना गोल बसवून तीन प्रश्न विचारावेत. हे काम त्या काळी कोण करीत असे? त्याला ते सोडता येत होते काय? त्याच्या मोबदल्यात त्याला काय मिळे आणि काय मिळत नसे? या तीन प्रश्नांवाचून जात्याचा आणि चाकाचा तास म्हणजे निव्वळ करमणूक ठरेल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तो कष्टकऱ्यांच्या मुलांच्या हाती पाटी-पेन्सिल यावी म्हणून. त्याच मुलांना शाळेत पुन्हा चिखल तुडवायला लावणे म्हणजे घड्याळाचे काटे उलटे फिरविणे नव्हे काय? मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजगोपालाचारी यांच्या सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. ‘कुलाचे शिक्षण’ म्हणून तिच्यावर टीकेचा भडिमार झाला, राजगोपालाचारींना पायउतार व्हावे लागले आणि पुढच्याच वर्षी ती योजना रद्द झाली. तो विरोध योग्यच होता, कारण त्या योजनेने कुंभाराच्या मुलाला कुंभाराच्या घरी परत पाठविले असते. येथे सुचविले जात आहे ते याच्या नेमके उलट आहे. कारकुनाच्या, डॉक्टरच्या, शिक्षकाच्या मुलाने कुंभारासमोर बसून माती मळावी आणि ती मळणे किती अवघड आहे हे अनुभवावे; आणि कुंभाराच्या मुलीने, आपल्या वडिलांना संपूर्ण वर्ग ‘सर’ म्हणून हाक मारतो आहे, हे एकदा तरी पाहावे.

शिक्षणात हाताला स्थान द्यावे, हा विचार येथे नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक ज्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, त्याने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. या कार्यानुभवाचे पुढे काय झाले, हे शिक्षकांना सांगावयास नको. पुठ्ठ्याची घरे, कागदाची फुले, दुकानातून विकत आणलेल्या वस्तू आणि वर्षाअखेर भरलेली वही, एवढ्यावर तो विषय बहुतेक ठिकाणी आटोपला. त्याला गुण मिळू लागले आणि अनुभव निघून गेला. याला अपवाद झालेच नाहीत असे नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरातच सृजन आनंद विद्यालय सुरू करून मुलांच्या अनुभवाला अभ्यासाचा पाया केले. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे, असे म्हटले आहे. हे दहा दिवस कार्यानुभवाच्या वहीच्या वाटेने जाणार की नाही, हे शाळांच्या हाती आहे.

कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात या दहा दिवसांसाठी दूर जाण्याची गरज नाही. हंगामात गुऱ्हाळघरे सुरू असतात. काहिलीत रस उकळताना भेंडीचे पाणी का घालतात, मळी कधी काढतात, पाक तयार झाला हे गुळव्या कशावरून ओळखतो, याची उत्तरे रसायनशास्त्राच्या पुस्तकाइतकीच त्या माणसाच्या अनुभवात आहेत. चुलवाणासमोर दिवसभर चिपाडे घालणाऱ्या मजुराला रोज किती मिळतो, हा प्रश्नही तेथेच विचारता येतो. चपलेचे उदाहरण तर ताजेच आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी वळणाच्या चपला मूळ कारागिरांचा उल्लेख न करता मांडल्या, तेव्हा सगळे शहर संतापले. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, याची आठवण त्या वेळी सर्वांनी एकमेकांना करून दिली. पण बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कसे कमावतात, ते किती दिवस चालते, त्या कामाचा वास अंगाला लागलेल्या माणसांना गावाने कोठे वस्ती करू दिली, हे त्या संतापलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? ज्या वस्तूचा अभिमान बाळगावयाचा, ती करणाऱ्याचे आयुष्य ठाऊक नसेल, तर तो अभिमान पोकळ ठरतो.

या साऱ्याला फार पैसा लागत नाही. एखादे जाते बऱ्याच घरांच्या अडगळीत पडून आहे. माती विकत घेतली तरी स्वस्त आहे. खर्च करावयाचा तो कारागिराच्या मानधनावर, आणि तेथे मात्र हात आखडू नये. त्याला पाहुणा म्हणून हारतुरा देऊन परत पाठविण्यापेक्षा, शिक्षक म्हणून दिवसाची रास्त रक्कम द्यावी आणि शिक्षकांच्या खोलीत खुर्ची द्यावी. एका दिवसात दहा धंदे दाखविण्याचा हव्यास धरू नये. एक वस्तू, एक कारागीर आणि एक आठवडा पुरे आहे. या तासाला गुण असू नयेत. कणेरीची सहलही बंद करण्याचे कारण नाही. ती या आठवड्यानंतर काढावी, म्हणजे दळणाऱ्या बाईच्या पुतळ्यापाशी मुले आपोआप थांबतील. त्यांच्या खांद्यांना ते काम ओळखीचे असेल. पूर्वीचे लोक किती सुखी होते, हे वाक्य लिहिताना मग एखाद्या मुलीचे पेन थबकेल आणि ती विचारील, सगळेच होते काय? इतिहासाचा तास सार्थकी लागल्याची याहून चांगली खूण दुसरी नाही.