विश्लेषण : शहाडमध्ये ‘स्टेशनपासून पायी दहा मिनिटे’ या घराचे भाडे नेमके कशाचे?

कल्याणच्या पुढे लोकल दोन दिशांना फुटते. एक फाटा कर्जतकडे जातो, दुसरा कसाऱ्याकडे. कसाऱ्याच्या फाट्यावरचे पहिले स्थानक शहाड. ठाणे-डोंबिवलीचे भाडे झेपेनासे झालेली कुटुंबे इथे घर शोधू लागतात, तेव्हा एक वाक्य त्यांना हमखास ऐकू येते : ‘स्टेशनपासून पायी दहा मिनिटे’. त्या वाक्यावर भाडे वाढवून मागितले जाते. करारनाम्यात मात्र ते कुठेच नसते.

दहा मिनिटे कोणाच्या पायांची?

धडधाकट माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे दहा मिनिटांत ८०० मीटर. दलाल हे अंतर बहुतेकदा नकाशावर किंवा दुचाकीवर मोजतो. शहाडमध्ये वाटेत रूळ येतात, पादचारी पुलाचे जिने येतात आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा कायम कोंडलेला उड्डाणपूल येतो. सोबत म्हातारी आई किंवा कडेवर मूल असेल तर दहाची वीस मिनिटे व्हायला वेळ लागत नाही.

त्यातून शहाड कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महापालिकांच्या सीमेवर आहे. एकीकडे खडकपाडा, बिर्ला कॉलेजकडून पसरत आलेले कल्याण, दुसरीकडे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आणि उल्हासनगरचा कॅम्प नंबर १. दिवा बंद पडला, गटाराचे झाकण गेले तर तक्रार कोणाकडे करायची, हे घर नेमके कोणत्या हद्दीत येते त्यावर ठरते. पाणीही त्यावरच ठरते.

कागदावर पादचाऱ्याचे हक्क कमी नाहीत. एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. शहाडच काय, कल्याणच्या स्थानकाबाहेर संध्याकाळी सातला उभे राहिले की या दोन्हींचे काय झाले ते कळते.

रिक्षाचे पैसे वाचतात?

जवळच्या घराचे समर्थन याच हिशेबावर होते, म्हणून तो मांडून पाहावा. शेअर रिक्षाचे माणशी १५ रुपये धरले, घरातले दोघे नोकरीला जातात आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर जाऊन-येऊन १,५०० रुपये होतात. रात्री उशिरा शेअर रिक्षा नसेल तर मीटरचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. म्हणजे स्थानकाजवळचे घर दीड-दोन हजारांनी महाग असेल तर सौदा बरोबरीचा. फरक चार हजारांचा असेल तर वेळ आणि सोय सोडून हाती काही लागत नाही.

पण हा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो : तुम्ही शहाडलाच गाडी पकडणार. कल्याण-कसारा दरम्यान दोनच मार्गिका आहेत, त्यांवरूनच नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेस धावतात, आणि तिसऱ्या मार्गिकेचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. साहजिकच लोकल कमी, आणि आसनगाव-टिटवाळ्याहून येणारी गाडी शहाडला पोहोचेपर्यंत भरलेली. त्यामुळे इथले अनेक जण सकाळी रिक्षा करून कल्याण गाठतात आणि तिथून सुटणारी लोकल पकडतात. अशा माणसाने शहाड स्थानकाला लागून असलेल्या घरासाठी जादा भाडे का मोजावे? घर ठरवण्याआधी एका कामाच्या दिवशी आपल्या वेळेच्या गाडीत शहाडला चढून पाहिले तर हा प्रश्न फुकटात सुटतो.

इमारत कशी आहे?

जवळ आणि स्वस्त हे दोन्ही एकत्र मिळाले तर इमारतीचे वय विचारावे. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरवड्याच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवाशांचे जीव गेले. ३० वर्षे झालेल्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण कायद्याने बंधनकारक आहे. दोन्ही महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढतात. तीत नाव नाही ना, एवढे तरी पाहावे. तळमजला असेल तर २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आले होते, हे शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारावे. उल्हास नदी इथून लांब नाही.

नवी इमारत म्हणजे निर्धोक, असेही नाही. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश दिले. अशा वेळी घर घेणाऱ्यांची दुःखे बातम्यांत येतात. भाडेकरूची अनामत रक्कम अडकते, ती कोणी मोजत नाही.

करारात काय हवे?

‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे ठरवायचे काम मालकाचे. खर्च फारसा नाही. समजा भाडे १२,००० आणि अनामत ५०,००० आहे, तर अकरा महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क साधारण साडेतीनशे रुपये होते आणि महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते.

अनामत किती असावी, हे राज्यात बाजारच ठरवतो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात ती दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे, पण राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. म्हणून परत कधी मिळणार, रंगकामाचे किती कापणार, हे लिहूनच घ्यावे.

मुदतीचेही तसेच. मुदत संपूनही घर सोडले नाही तर कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि मालक दर अकरा महिन्यांनी भाडे वाढवायला मोकळा होतो. मुले जवळच्या शाळेत घातली असतील तर दोन-तीन वर्षांचा करार मागता येतो. ६० महिन्यांपर्यंत मुद्रांकाचा दर तोच, ०.२५ टक्के, आणि दर वर्षीची वाढ त्याच कागदावर आधीच ठरवता येते.