सागरसहलीच्या स्वस्ताईची किंमत

२७ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील मायामी बंदरातून 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज आपल्या पहिल्या सहलीवर निघाले. फिनलंडमधील तुर्कू येथे बांधलेल्या या जहाजाला वीस मजले आहेत आणि त्याची लांबी सुमारे ३६५ मीटर आहे. ग्रॉस टनेजच्या मापाने ते १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'च्या पाचपटीहून मोठे भरते. पूर्ण भरले म्हणजे त्यावर साडेसात हजारांच्या आसपास प्रवासी आणि त्यांच्या दिमतीला सुमारे २,३५० कर्मचारी असतात. पोहण्याचे तलाव, पाण्याच्या घसरगुंड्या, नाट्यगृह, बर्फावर घसरण्याचे रिंगण असे सारे काही त्यात आहे. अशा जहाजांविषयी दोन ठरावीक मते ऐकू येतात. एक मत त्यांना आधुनिक तंत्राचा विजय मानते, दुसरे त्यांना चंगळवादाचा कळस ठरवून मोकळे होते. दोन्ही मते सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

चंगळवादाचा शिक्का मारून हा प्रश्न निकालात काढणे समाजवादी विचाराला तर मुळीच शोभणारे नाही. पगारी सुट्टी ही कामगार चळवळीने लढून मिळविलेली गोष्ट आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली पॉप्युलर फ्रंटच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदेशीर हक्क दिला, तेव्हा असंख्य श्रमिक कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी रजेविषयीचा करार संमत केला. विश्रांती आणि प्रवास ही धनिकांची मिरास नाही, हे तत्त्व एकदा मान्य केल्यावर, सामान्य माणूस जहाजात बसून मजा करतो म्हणून नाक मुरडण्याचे कारण उरत नाही.

आणि तो जातो आहे, हेही खरे. या व्यवसायाच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१९ साली जगभरात सुमारे २ कोटी ९७ लाख लोकांनी अशी सफर केली. महासाथीच्या खंडानंतर २०२४ साली ही संख्या ३ कोटी ४६ लाखांवर गेली. हे सारे काही कोट्यधीश नाहीत. निवृत्त शिक्षक, रुग्णालयातील परिचारिका, लहान दुकानदार असे लोकही त्यांत आहेत. चाकाच्या खुर्चीवरील वृद्धेला एकदाच सामान उघडून चार देशांचे किनारे पाहता येतात. मुलांसह निघालेल्या कुटुंबाला जेवणखाण, निवास, प्रवास आणि करमणूक यांचा बराचसा खर्च आधीच ठाऊक असतो. या सोयी खऱ्या आहेत.

भाडे परवडण्याजोगे होण्यामागचे एक कारणही निर्मळ आहे. प्रमाणाच्या काटकसरी म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकवायचे तर महाकाय पर्यटक जहाजासारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. एक कप्तान, एक यंत्रशाळा, एकत्रित खरेदी. हा ठरावीक खर्च दोन हजारांऐवजी सात हजार माणसांवर विभागला गेला की दर माणशी भार हलका होतो. येथपर्यंत तक्रारीला जागा नाही. पण स्वस्ताईचा हा एकच भाग झाला. खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांत अंतर पडू शकते, हे केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली सविस्तर मांडले. या जहाजांच्या बाबतीत ते अंतर किती आणि ते कोण भरून काढतो, हा खरा प्रश्न आहे.

झेंडा एकीकडे, बाजार दुसरीकडे

या धंद्यातील तीन सर्वांत मोठ्या कंपन्यांचा कारभार मायामी शहरातून आणि त्याच्या परिसरातून चालत आला आहे. त्यांचे सर्वाधिक ग्राहक अमेरिकन आहेत. तथापि त्यांपैकी कार्निव्हल पनामात नोंदली गेली, रॉयल कॅरिबियन लायबेरियात आणि नॉर्वेजियन बर्म्युडात. जहाजांवर बहुधा बहामा, पनामा, माल्टा किंवा बर्म्युडा यांचे झेंडे फडकतात. सागरी व्यवहारात याला 'सोयीचा झेंडा' म्हणतात. सोय अर्थात मालकाची. ज्या देशाचा झेंडा, त्याचा कामगार कायदा जहाजावर चालतो. शिवाय परदेशी कंपन्यांच्या जहाजवाहतुकीच्या उत्पन्नाला अमेरिकेच्या करकायद्यात परस्परतेच्या तत्त्वावर सूट आहे.

या व्यवस्थेतील विसंगती मार्च २०२० मध्ये उघडी पडली. महासाथीने जहाजे थांबली आणि अमेरिकन संसदेने मोठ्या उद्योगांसाठी साहाय्याचा कायदा केला. परंतु ते साहाय्य अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांपुरते ठेवल्याने या कंपन्या त्यातून वगळल्या गेल्या. युरोपात मात्र उलट घडले. जर्मनीतील पापेनबुर्ग येथील मायर व्हेर्फ्ट ही पर्यटक जहाजे बांधणारी प्रसिद्ध गोदी. तिच्या मालकांनी २०१५ साली कंपनीचे मुख्यालय लक्झेंबर्गला हलविले होते. ती आर्थिक संकटात सापडली तेव्हा, सप्टेंबर २०२४ मध्ये, जर्मन संघसरकार आणि लोअर सॅक्सनी राज्य यांनी सुमारे ४० कोटी युरो घालून तिचा सुमारे ऐंशी टक्के हिस्सा घेतला. हजारो कुशल कामगारांचा रोजगार वाचला, हे योग्यच झाले. पण मग एवढे तरी म्हणावे लागेल की ज्या उद्योगाच्या पडत्या काळात समाज पैसा ओततो, त्या उद्योगाला बरकतीच्या काळात समाजाचे नियम चुकविण्याची मुभा असता कामा नये.

पाण्याच्या पातळीखालचे जग

स्वस्ताईचा दुसरा मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या श्रमातून येतो. हे कर्मचारी मुख्यतः फिलिपाइन्स, इंडोनेशिया, भारत आणि कॅरिबियन बेटांतील असतात. गोव्यात 'तारवटी' हा शब्द घरोघरी परिचित आहे. सासष्टी आणि बारदेशातील कित्येक घरे जहाजावरच्या पगारातून उभी राहिली. मुंबई आणि कोकणातील तरुणही खानसामा, वेटर, केबिनसेवक म्हणून या जहाजांवर जातात. गावात मिळेल त्याच्या कितीतरी पट पैसा त्यांना तेथे मिळतो. घर बांधले जाते, बहिणीचे लग्न होते, धाकट्या भावाचे शिक्षण पार पडते. या मिळकतीची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु तिच्या अटी पाहाव्यात. करार साधारणतः सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या काळात आठवड्याची सुट्टी नसते. अनेकांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा प्रवाशांच्या बक्षिसीवर अवलंबून असतो. झोपण्याची खोली दोघातिघांत वाटलेली, बहुधा पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा तिच्याही खाली. २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आलेल्या आणि भारताने २०१५ साली स्वीकारलेल्या सागरी श्रम करारात कामाच्या तासांची जी कमाल मर्यादा सांगितली आहे, ती चोवीस तासांत १४ आणि सात दिवसांत ७२ तास अशी आहे. उद्योगांतील कामगारांसाठी आठ तासांच्या दिवसाचा आंतरराष्ट्रीय करार १९१९ सालचा! शंभर वर्षांनंतरही समुद्रावरील मर्यादा इतकी सैल आहे. वादळाशी झुंजणाऱ्या खलाशाच्या बाबतीत तिचे काही समर्थन करता येईल. चादरी बदलणाऱ्या आणि ताटे उचलणाऱ्या माणसासाठी तेच मोजमाप कशाकरिता?

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकून पडली, तेव्हा ही विषमता साऱ्या जगाला दिसली. जहाजावर ३,७११ माणसे होती आणि त्यांतील ७१२ जणांना कोरोनाची बाधा झाली. प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये अलग राहण्यास सांगितले गेले. कर्मचारी मात्र त्यांना जेवण पोहोचवीत राहिले आणि रात्री सामायिक खोल्यांत परतत राहिले. त्या कर्मचाऱ्यांत १३२ भारतीय होते. पुढे एप्रिलमध्ये 'मरेला डिस्कव्हरी' मुंबईच्या समुद्रात आली. तिच्यावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांना, केंद्र सरकारने खलाशांच्या उतरण्याविषयी नियम ठरवून दिल्यानंतरच, आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर पाय ठेवता आला. संकटात ज्याचा झेंडा त्याची जबाबदारी, हे तत्त्व कोठेच दिसले नाही.

बंदरांच्या पदरी काय?

पर्यटक जहाज आले की शहरात पैसा येतो, असे सांगितले जाते. काही प्रमाणात ते खरे आहे. बंदराला शुल्क मिळते, टॅक्सीवाला, वाटाड्या आणि दुकानदार यांना गिऱ्हाईक मिळते. परंतु पाहुणा सकाळी उतरतो आणि सायंकाळी परततो. त्याचे जेवण व निजणे जहाजावरच, आणि भाड्यात ते आधीच मोजलेले. हॉटेलात चार दिवस राहणाऱ्या प्रवाशाएवढा खर्च तो शहरात करीत नाही. कंपन्यांनी तर आता बंदरेही आपलीच केली आहेत. हैतीमधील लाबादी हा किनारा रॉयल कॅरिबियनने १९८६ पासून भाडेपट्ट्याने घेतला, कुंपण घातले आणि आपल्या प्रवाशांसाठी राखला. बहामातील ग्रँड बहामा बेटावर जुलै २०२५ मध्ये कार्निव्हलने स्वतःचे नवे विहारस्थळ उघडले. प्रवाशाने किनाऱ्यावर खर्च केलेला पैसाही मोठ्या प्रमाणात पुन्हा कंपनीकडेच जावा, अशी ही रचना आहे.

समुद्राचा हिशेबही असाच. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, चालत्या जहाजातून, प्रक्रिया न केलेले मैलापाणीही सोडता येते. जे नियम आहेत तेही पाळले जातातच असे नाही. तेलमिश्रित पाणी गुप्त नळीने समुद्रात सोडल्याबद्दल आणि ते लपविल्याबद्दल प्रिन्सेस कंपनीने २०१६ साली गुन्हा मान्य केला आणि तिला चार कोटी डॉलर दंड झाला. हा प्रकार एका नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरने २०१३ साली उघडकीस आणला होता. नव्या जहाजांत द्रवरूप नैसर्गिक वायूचे इंधन वापरले जाते. त्याने गंधक आणि काजळी घटते, हा लाभ खरा आहे. पण इंजिनातून न जळता निसटणारा मिथेन वातावरण तापविण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी प्रभावी असल्याने हे उत्तर अर्धेच आहे.

शहरे आता बोलू लागली आहेत. व्हेनिसमध्ये २ जून २०१९ रोजी एक प्रचंड जहाज धक्क्यावर व एका नदीबोटीवर आदळले. नागरिकांचा विरोध जुनाच होता. अखेर इटलीच्या सरकारने १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरील जहाजांना सान मार्कोपुढील जलमार्ग बंद केला. अलास्कातील जुनो शहराने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे घेण्याची मर्यादा कंपन्यांशी ठरविली. बार्सिलोनाने जुलै २०२५ मध्ये, आपले सात धक्के २०३० पर्यंत पाचावर आणण्याचे ठरविले. मात्र फ्लोरिडातील की वेस्टची हकिगत निराळी आहे. तेथील मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये मोठी जहाजे नाकारणारे ठराव बहुमताने संमत केले आणि २०२१ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ते निष्प्रभ केले. जहाज एक बंदर सोडून दुसरीकडे जाऊ शकते, बंदराला तसे जाता येत नाही. कॅरिबियनमधील छोटी बेटे एकेकटी वाटाघाटीला बसली की त्यांचे पारडे हलके ठरते, ते यामुळेच.

मुंबईपुढील प्रश्न

आता हा प्रश्न मुंबईच्या दारात आला आहे. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सागरसहली पुन्हा सुरू झाल्या. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले आणि २०२९ पर्यंत ही प्रवासी वाहतूक दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एकावेळी पाच जहाजे, अशी त्याची क्षमता सांगितली जाते. याच किनाऱ्यावर एके काळी चाकरमान्यांना कोकणात पोहोचविणाऱ्या आगबोटी धावत. ती सेवा कित्येक वर्षांपूर्वी बंद पडली. सार्वजनिक पैशाने सहलीसाठी धक्का बांधणाऱ्या सरकारला त्या प्रवाशाचाही विसर पडू नये.

टर्मिनल नको, असे म्हणण्याचे कारण नाही. ते कोणत्या अटींवर चालावे, हे ठरविण्याची वेळ मात्र आजची आहे. एकदा जहाजांवर शहराची मिळकत अवलंबून राहिली की अटी कंपन्या घालतात. मुंबई, मुरगाव, नवे मंगळूर, कोची, चेन्नई आणि विशाखापट्टणम ही सारी मोठी बंदरे केंद्राच्या अखत्यारीत आहेत. कॅरिबियन बेटांना जे एकीचे बळ लाभले नाही, ते भारताला आयते लाभले आहे. ही बंदरे एकमेकांशी सवलतींची स्पर्धा करण्याऐवजी एकच शर्तनामा पुढे ठेवू शकतात. धक्क्यावर उभ्या जहाजाने इंजिन बंद करून किनाऱ्यावरची वीज घ्यावी. मैला व कचरा बंदरावर उतरवून त्याचे शुल्क भरावे. दर प्रवाशामागे आकारलेली पट्टी महापालिकेला आणि ज्यांच्या मासेमारीत व्यत्यय येतो त्या कोळी वस्त्यांना मिळावी. भारतीय बंदरातून नियमित चालणाऱ्या जहाजावर सेवक वर्गाला साप्ताहिक सुट्टी, हमीचे वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी असावा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास सागरी श्रम कराराने मनाई केली आहे. ती मनाई दलालांवर प्रत्यक्ष बजावली जावी.

यावर एक आक्षेप येईल. भाडे वाढेल आणि सामान्य प्रवासी पुन्हा किनाऱ्यावरच राहील. भाडे थोडे वाढेल, हे खरे. पण खर्च सात हजार माणसांत वाटला जातो, हाच तर या जहाजांचा गुण. तो गुण न्याय्य खर्चालाही लागू पडतो. जुनोने मर्यादा घातली म्हणून जहाजे अलास्काला जायची थांबली नाहीत. सुट्टीचा हक्क सर्वांचा, असे एकदा म्हटल्यावर, जो केबिनसेवक दुसऱ्यांची सुट्टी सुखाची व्हावी म्हणून सलग नऊ महिने एक दिवसही विसावा घेत नाही, त्याचाही त्या 'सर्वां'त समावेश करावाच लागेल.