थोडें थोडें वाढतें ओझें

दहावीचें वर्ष आलें कीं, मुलास व्यायामाच्या तासांतून सूट मिळावी, अशा पालकांच्या चिठ्ठ्या आमच्याकडे येऊं लागतात. मुलींच्या बाबतींत तर ही विनंती आठवीपासूनच सुरू होते. उलटपक्षीं कांहीं विद्यार्थी महिन्याभरांत दंड फुगावे म्हणून महागड्या भुकटीचे डबे आणवितात. पालकांस व्यायाम निरुपयोगी वाटतो, मुलांस तो जादूटोणा वाटतो. आमच्या मतें दोहोंचें मूळ एकच आहे: स्नायु कसा वाढतो याविषयींचें अज्ञान.

क्रोटोन नगरीच्या मायलो नामक ग्रीक मल्लानें एक वासरूं रोज उचलिलें, आणि त्याचा बैल झाला तरी तो उचलीतच राहिला, अशी एक जुनी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, तींतील तत्त्व खरें आहे. टॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरानें शिकागो येथील इस्पितळांत जायबंदी सैनिकांवर त्याचाच प्रयोग करून १९४५ सालीं तो प्रसिद्ध केला. दुबळ्या पायांस हलकें वजन पुष्कळ वेळां हालवावयास लावण्याऐवजीं त्यानें जड वजन थोड्या वेळां उचलावयास लाविलें, व शक्ति वाढेल तसतसें वजनही वाढविलें. सैनिक लवकर सुधारूं लागले.

याचें कारण असें. सवयीहून अधिक ओझें पडलें म्हणजे स्नायूंच्या तंतूंवर ताण येतो. त्यास उत्तर म्हणून शरीर तंतूंत नवीन प्रथिनें घालतें व ते जाड होतात. हें बांधकाम मुख्यत्वें पुढील एकदोन दिवसांच्या विश्रांतींत व झोपेंत चालतें. शिवाय पहिल्या कांहीं आठवड्यांत जी शक्ति वाढते, ती बहुतांशीं मज्जातंतूंच्या शिक्षणामुळें. अधिक तंतूंस एकदम कामास लावण्यास मेंदु शिकतो. यास्तव महिन्यांत दंड न फुगल्यानें निराश होणाऱ्या मुलानें घाई करूं नये. प्रथिनें डाळ, दूध, शेंगदाणे, अंडीं व मासळी यांत आहेतच. श्रमावांचून घेतलेली भुकटी म्हणजे गवंड्यावांचून आणलेल्या विटा होत.

वजन उचलल्यानें उंची खुंटते, अशी एक भीति घरोघरीं ऐकूं येते. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं, योग्य रीतीनें व बेताच्या वजनानें केलेल्या व्यायामानें तसें होत नाहीं. उंची अकालीं खुंटविणारी वस्तु निराळीच आहे, ती म्हणजे पिळदार शरीराच्या लोभानें चोरून घेतलेलीं संप्रेरकांचीं औषधें. तीं यकृत व हृदय यांसही अपाय करितात. पालकांनीं भ्यावयाचें तर त्यांस भ्यावें.

मुलींविषयीं स्पष्टच लिहितों. वाढता भार पेलल्यानें हाडेंही बळकट होतात, व उतारवयांत ठिसूळ हाडांचा त्रास स्त्रियांसच अधिक होतो. तेव्हां ज्यांस व्यायामाची गरज अधिक, त्यांसच आपण आधीं घरीं बसवितों! १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या बोस्टन येथील एका प्रयोगांत नव्वदीच्या वृद्धांनीं आठ आठवडे वजनें उचलिलीं, आणि त्यांच्या पायांची शक्ति दुपटीहून अधिक झाली. नव्वदाव्या वर्षीं जें साधतें, तें चौदाव्या वर्षीं कां नाकारावें?

यास खर्चही नको. आपल्या तालमींतील जोर, बैठका व मल्लखांब यांत स्वतःचें शरीर हेंच ओझें असतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं शाळकरी वयास रोज सरासरी साठ मिनिटें हालचाल व आठवड्यांतून निदान तीन दिवस स्नायु बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. आमचे तास त्याहून कमीच आहेत. त्यांतूनही सूट कसली मागावयाची?

पौल प्रेषितानें शरीरास मंदिराची उपमा दिली आहे. मंदिर एका रात्रींत उभें राहत नाहीं, आणि परीक्षा जवळ आली म्हणून त्याची डागडुजी कोणी थांबवीत नाहीं. पुढील वर्षीं चिठ्ठी लिहावयास बसणाऱ्या पालकांनीं एवढा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.